खारा वारा, पावणेदोन इंच काँक्रीट आणि आरसीसीवाला

२६ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, त्याचं अनावरण झालं होतं. म्हणजे नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्यानंतरच्या चार दिवसांत एक शब्द कोकणातल्या घराघरांत पोचला: स्ट्रक्चरल कन्सल्टंट. शिल्पकाराबरोबर त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. ‘मी फक्त चौथऱ्याचं काम केलं, पुतळ्याचं नाही,’ असं त्याचं म्हणणं होतं.

माझा धंदा तोच. गावात आम्हाला कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणत नाही, ‘आरसीसीवाले’ म्हणतात. आरसीसी म्हणजे आत सळई घातलेलं काँक्रीट. त्या आठवड्यात नाक्यावर चहा घेताना ओळखीच्या एका काकांनी विचारलं, “नकाशा आर्किटेक्ट काढतो, बांधतो कॉन्ट्रॅक्टर. मग मध्ये तुम्ही नक्की करता काय?” प्रश्न रास्त होता. मी दिलेलं उत्तर चहा संपेपर्यंतही पुरलं नाही, म्हणून हा लेख.

वजनाला वाट लागते

माजघरातल्या झोपाळ्यावर आजी बसली की तिचं वजन कड्यांतून तुळईत जातं, तुळईतून भिंतीत, भिंतीतून जोत्यात आणि तिथून जमिनीत. या वाटेवर एक कडी जरी झिजलेली असेल, तरी बाकी सगळं मजबूत असून उपयोग नाही. आरसीसीच्या इमारतीत हीच वाट स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग (म्हणजे कॉलमखालचा पाया) आणि जमीन अशी जाते. ती आखायची, प्रत्येक टप्प्यावर किती वजन येईल ते काढायचं आणि तिथे किती काँक्रीट, किती सळई लागेल ते ठरवायचं, हे आमचं काम. खोली कुठे, खिडकी कुठे, हे आर्किटेक्टचं.

वजनं दोन तऱ्हेची. एक इमारतीचं स्वतःचं, ते हलत नाही. दुसरं येणारं-जाणारं. आपल्याकडे ते चतुर्थीला समजतं. एरवी दोन म्हातारी माणसं राहतात त्या घरात चाकरमानी उतरतात, आरतीला वाडी गोळा होते, रात्री भजन आणि फुगड्या. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून डिझाइन करतात. दहा बाय बाराच्या खोलीत तेहतीसेक माणसं दाटीवाटीने उभी राहिली तर एवढं होतं. त्या आकड्याला आणि इमारतीच्या स्वतःच्या वजनालाही वर दीडने गुणायचं. मग काँक्रीटची ताकद दीडने भागायची आणि सळईची १.१५ ने, कारण साइटवर तयार होणारं काँक्रीट प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याएवढं चांगलं नसतं हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. (फुगडीच्या दणक्याचा हिशोब वेगळा असतो, पण हाताशी ठेवलेल्या या जादा ताकदीच्या पदरामुळे ती सहसा निभावते.)

एवढा पदर हाताशी असताना इमारती पडतात कशा? हा पदर वजनाच्या आणि मालाच्या अंदाजातल्या चुकीसाठी असतो. विसरलेल्या गोष्टीसाठी तो नसतो.

“वारा फार होता”

मालवणला त्या दिवशी ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा होता, असं सांगितलं गेलं. हा आकडा तपासून पाहू.

कुठल्या भागात किती वारा धरायचा याचे आकडे मानकात दिलेले आहेत. मुंबईला सेकंदाला ४४ मीटर, पणजीला ३९. मालवण या दोघांच्या मधे. कमीतला ३९ धरला तरी तो ताशी १४० किलोमीटर होतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १४० चा वारा दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलोने रेटतो, ताशी ४५ चा दहा किलोनेही नाही. मोजण्याच्या पद्धतीतला फरक, झोत आणि सरासरी वगैरे, जमेस धरला तरी अंतर प्रचंड उरतं. मालवणच्या कुठल्याही पावसाळ्यात ताशी ४५ चा वारा येतो आणि जातो. वारा निमित्त होता.

चौकशी समितीच्या अहवालाबद्दल जे प्रसिद्ध झालं त्यात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं होती. नटबोल्टांना गंज चढल्याचं पत्र तर पुतळा पडायच्या आठवडाभर आधीच गेलं होतं. उघड्या लोखंडाला खाऱ्या हवेत एक पावसाळा म्हणजे काय, हे मालवणात होडीवाल्या कुणालाही विचारावं.

चक्रीवादळाबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण “कोकणात वादळं येत नाहीत” हे वाक्य मी माझ्या गुरूंकडूनही ऐकलंय. वाऱ्याचं २०१५ चं मानक चक्रीवादळासाठी जादा गुणक लावायला सांगतं, पण पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यात. कोकण त्यात नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. पत्रे बागेत जाऊन पडले. वारा छपराला नुसता दाबत नाही, विमानाच्या पंखासारखं वर उचलतो. आपला सुतार मात्र छप्पर खाली पडू नये म्हणून बांधतो, वर जाऊ नये म्हणून नाही. मी स्वतः आता किनाऱ्यावरच्या शाळांना आणि दवाखान्यांना तो गुणक लावतो. मानक मला तसं करायला सांगत नाही, पण अडवतही नाही.

लोणच्यावरचं तेल

आता मूळ दुखणं. काँक्रीट दाबाला भक्कम असतं, पण ताणलं की तडकतं. ताण घ्यायला म्हणून आत सळई. ही जोडी जमते, कारण ताजं काँक्रीट चुन्यासारखं अल्कली असतं आणि त्यात बसलेल्या सळईवर डोळ्यांना न दिसणारी एक संरक्षक साय धरते. ती साय शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही.

बरणीतल्या लोणच्यावर बोटभर तेल तरंगत ठेवतात, तसं सळईवर काँक्रीटचं आवरण ठेवतात. त्याला ‘कव्हर’ म्हणतात. तेल कमी पडलं की वरच्या फोडीला बुरशी येते. कव्हर कमी पडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राकडून येणारं मीठ, म्हणजे त्यातलं क्लोराइड, सळईपर्यंत पोचतं. कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचं अल्कलीपण हळूहळू मारतो. मीठ त्याहून वाईट: काँक्रीट चांगलं असलं तरी ते ती साय ठिकठिकाणी भोकसतं.

गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. वाल भिजत घालून बरणीचं झाकण घट्ट लावलं तर काय होईल? काँक्रीटचं तेच होतं. आधी सळईच्या रेषेत सरळ चीर, मग टकटक केल्यावर पोकळ आवाज, मग खपली. माणसं याला ‘गिलावा सुटला’ म्हणतात, वरून पुन्हा गिलावा मारतात आणि रंग देतात.

हे टाळायचं कसं, ते आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात २००० सालापासून छापलेलं आहे. परिसराचे पाच वर्ग केलेत, सौम्य ते अतितीव्र. सौम्य हवेतल्या, आतल्या बाजूच्या स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर आणि एम-२० काँक्रीट चालतं. किनारी हवेत ४५ मिलिमीटर आणि एम-३०. लाटांचे तुषार उडतात तिथे ५० आणि एम-३५, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ आणि एम-४०. ‘एम’पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी काँक्रीटचा ठोकळा किती दाब सोसतो ते. एम-३० चा दीडशे मिलिमीटरचा ठोकळा, म्हणजे साधारण नारळाएवढा, ६८ टनांच्या आसपास वजनाला फुटला पाहिजे, अलीकडे नाही.

४५ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन इंच. आणि तेही जाड सळयांभोवती बांधलेल्या बाहेरच्या रिंगेपासून मोजायचं, आतल्या जाड सळईपासून नाही. गंज बहुतेकदा रिंगेपासून सुरू होतो.

मीठ आत झिरपायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाने वाढतो. कव्हर दुप्पट तर वेळ चौपट. २० ऐवजी ४५ ठेवलं, तर तेच काँक्रीट सळईला पाचेक पट काळ सांभाळतं. घराच्या एकूण खर्चात एवढ्या स्वस्तात एवढं आयुष्य देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

अट एकच, काँक्रीट घट्ट हवं. किनारी हवेसाठी सिमेंटच्या ४५ टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर, ओल्या वाळूतलं पाणी धरून. मिक्सरवरचा माणूस हे लिटरमध्ये मोजत नाही, पाइप सोडतो आणि ‘माल’ सुळसुळीत झाला की थांबतो. जादाचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. मीठ त्या वाटेने आत येतं. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेच पाणी मिश्रणात आणि वर मारायला वापरलं जातं. म्हणजे मीठ बाहेरून यायची वाटसुद्धा पाहायची नाही. मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइड एवढी आहे. तपासून घ्यायला एक बाटली पाणी लागतं.

“एवढा लोखंड घातलंय, घर पडतला कसा?”

हे वाक्य देवगडच्या बाजूला खाडीकाठच्या एका घरमालकाचं. मुंबईहून रजा काढून आला होता, स्लॅबचा दिवस. सकाळी सात वाजता मिक्सर सुरू, घमेल्यांची रांग लागलेली. मी सळयांच्या जाळीवर उकिडवा बसून टेप आत घातली. जाळी सरळ सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) पत्र्यावर टेकलेली. कव्हरचे ठोकळे नव्हते, त्यांच्या जागी कुणीतरी खडीचे चार तुकडे सरकवले होते आणि माणसं वर चालू लागल्यावर तेही निसटले होते.

मी काम थांबवायला सांगितलं. मिक्सरवाला वैतागला, मुकादम म्हणाला, “सायेब, आम्ही वीस वर्षां असाच घालतव.” मालक बिचारा माझ्याकडे बघून ते वरचं वाक्य म्हणाला. त्याने खरोखरच माझ्या ड्रॉइंगपेक्षा जास्त सळई घातली होती, मिस्त्रीच्या सल्ल्याने. शेवटी तालुक्याच्या गावातून टेम्पोने ठोकळे आणले, जाळी पहारीने उचलून एकेक खाली सरकवला. तीन तास गेले. त्या तीन तासांची मजुरी मालकाने दिली आणि दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

जास्त सळई म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज घट्ट बसलेला आहे. पण बीममध्ये सळई मर्यादेबाहेर कोंबली की दोन गोष्टी होतात. खडी सळयांमधून खाली उतरत नाही आणि तळाशी मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. आणि दुसरं, बीम मोडायची रीत बदलते. बेताची सळई असलेला बीम जादा वजनाखाली आधी वाकतो, चिरा दाखवतो, ओल्या काठीसारखा. त्यामुळे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई कोंबलेला बीम कौलासारखा फुटतो, न सांगता. आम्ही मुद्दाम पहिली रीत निवडतो.

आता माझ्या चुकीचंही सांगतो. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी समुद्रालगतच्या एका बंगल्याचं डिझाइन केलं होतं. बारा वर्षांनी त्यांचा फोन आला, गॅलरीच्या पोटाला चिरा पडल्यात. जाऊन छिन्नीने खपली काढली आणि मोजलं: कव्हर १२ मिलिमीटर. घरी येऊन फाइल उघडली. ड्रॉइंगवर माझ्याच अक्षरात ४५ लिहिलेलं होतं. कागदावर मी निर्दोष. पण त्या स्लॅबच्या दिवशी मी तिथे नव्हतो. साइटवर येण्याचे पैसे मला कुणी दिले नव्हते आणि मीही मागितले नव्हते.

“आजोबांच्या घराला कुठला इंजिनिअर होता?”

नव्हता, आणि घर उभं आहे. कारण त्यात सळई नाही. जांभ्या चिऱ्याची हातभर जाड भिंत, वर लाकूड आणि नळे (कौलं). चिरा फक्त दाब घेतो, ताणाच्या वाटेला जात नाही, आणि त्यात गंजायला काही नाही. राजकोटावरून समोर पाण्यात दिसणारा सिंधुदुर्गही तसाच. त्याचं काम १६६४ ला सुरू झालं, तट साडेतीनशे वर्षं लाटा खातोय. दगडावर दगड.

शिवाय जुन्यातली जी पडली ती आपल्याला दिसत नाहीत, उरलेलीच दिसतात. आणि त्यांना दर मे महिन्यात कुणीतरी नळे परतायला, वाळवी बघायला असायचं. आरसीसी आलं तेव्हा ‘आता बघायला नको’ म्हणून आलं. हाच मोठा गैरसमज ठरला.

ऑडिट झालं म्हणजे सुटलो का?

महाड दोनदा आठवतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि माणसं घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल सुरक्षित ठरला होता, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. २४ ऑगस्ट २०२० ला शहरातली पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले. ती काही जुनी वास्तू नव्हती, फार तर दहा वर्षांची.

पाहणी आणि तपासणी यात फरक आहे. पुलाचा पाया पाण्याखाली असतो. पूर तिथली माती उकरून नेतो आणि वर उभं राहिलेल्याला कमानी ठणठणीत दिसतात. इमारतीचंही तसंच. हातोडीने ठोकून, अल्ट्रासाउंडसारख्या लहरी सोडून काँक्रीट किती घट्ट आहे ते कळतं. कव्हर मोजायचं यंत्र असतं. अर्ध-सेल नावाची चाचणी सळईत गंज चालू असण्याची शक्यता किती, ते विजेच्या दाबावरून सांगते. काँक्रीटचा गाभा कापून त्यात मीठ किती खोल गेलंय तेही मोजता येतं. ज्या अहवालात यातलं काहीच नाही, फक्त फोटो आणि ‘स्थिर आहे’ असा शिक्का आहे, ती पाहणी.

मोठ्या शहरांतल्या कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींची तपासणी सांगितली आहे. किनाऱ्यावर ३० वर्षं म्हणजे उशीर. दुसरीकडे रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं. कमी कव्हरची पहिली चीर दिसायला बहुतेकदा त्याहून जास्त वेळ लागतो. माझ्या त्या बंगल्याला बारा लागली. पाच आणि तीसच्या मधल्या वर्षांत इमारत कुणाचीच नसते.

दुरुस्तीबद्दल एवढंच, की गिलावा मारणं ही दुरुस्ती नाही. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासून काढायचा, सळई बरीच झिजली असेल तर जोड द्यायची, मग दुरुस्तीचं खास मॉर्टर भरायचं. आणि मीठ जिथवर गेलंय तिथवर काढलं नाही, तर नव्या तुकड्याच्या शेजारी पुन्हा गंज धरतो.

आता संगणक आहे, एआय आहे, मग माणूस कशाला?

हिशोबापुरता खरंच फारसा नको. मी शिकताना एका फ्रेमचं गणित सोडवायला दुपार जायची, आता इटॅब्स किंवा स्टॅड प्रोसारखं सॉफ्टवेअर चहा येईपर्यंत वीस मजले सोडवतं. ड्रॉइंग आणि सळयांची यादीही हळूहळू आपोआप निघू लागली आहे. चौरस फुटाच्या भावाने कागद विकणारा आमच्यातला वर्ग यात टिकेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं मला फार दुःखही नाही. त्या भावाच्या चढाओढीतच साइटवर जाणं बंद झालं.

सॉफ्टवेअरला जमीन कशी आहे ते आपण टाइप करू तेवढंच कळतं. चिऱ्याच्या कातळाखाली शेडी, म्हणजे मऊ माती, लागते, कधी पोकळी असते, हे खड्ड्यात उतरल्यावर कळतं. ठोकळे निसटलेत हे त्याला दिसत नाही.

राहता राहिला प्रश्न जबाबदारीचा. आर्किटेक्टांसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. इंजिनिअरांसाठी देशभर तसा कायदा झालेला नाही. शहरात नगरपालिकेचा परवाना लागतो, ग्रामपंचायतीच्या हद्दीत बहुतेक घरं त्याशिवायच होतात. त्यामुळे ‘चौथरा माझा, पुतळा नाही’ यासारखं उत्तर खरंही असू शकतं आणि तरीही भयंकर असू शकतं. कारण मग वजनाच्या अख्ख्या वाटेचा मालक कोण, हे कागदावर कुठेच नसतं. मोठ्या पुलांच्या कामात एकाचं डिझाइन दुसऱ्या इंजिनिअरने तपासायची रीत आहे. ती चौपाटीवरच्या पुतळ्यांना, शाळांना, पाच मजली इमारतींना लावायला काही आकाश कोसळणार नाही.

घर बांधणाऱ्याने विचारायचं तर एवढं विचारावं: फुटिंगचा खड्डा, प्रत्येक स्लॅब आणि कॉलमच्या काँक्रीटचा पहिला टप्पा, या दिवशी तुम्ही स्वतः येणार का, आणि त्याचे किती घेणार? मी आता फी दोन भागांत सांगतो. ड्रॉइंगची कमी, येण्याची जास्त. काही गिऱ्हाईकं त्यावरून परत जातात.

देवगडच्या त्या मालकाने यंदा गच्चीवर आणखी एक खोली काढली. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला: जाळीखाली ठोकळा, शेजारी उभी धरलेली टेप, ४७ च्या रेषेवर त्याचा अंगठा. खाली एवढंच लिहिलेलं, “दोन मिलीमीटर जास्त झाला, चलात?”